शिंक्यातली बदामवेल

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात एका वर्षी चार शिंकी टांगली होती. चारांतही एकाच वेलीची रोपे, एकाच दिवशी लावलेली. जूनमध्ये पाऊस लागला आणि ऑगस्टअखेर त्यांतली तीन गेली. वाचली ती चौथी, जिच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचत नव्हता. पहिल्या तिघींची बडदास्त उत्तम होती. सकाळी शिपाईमामा पाणी घालीत, मधल्या सुट्टीत बी.एस्सी.च्या मुली घालीत आणि संध्याकाळी घरी निघताना मीही पेलाभर ओतून जात असे. दुसऱ्याने घातले नसेल, असे प्रत्येकालाच वाटे. चौथीला मात्र पंधरा दिवसांतून कोणी स्टूल आणले तर पाणी मिळे. वर्षअखेरीस तिच्या वेली माझ्या खांद्याला लागू लागल्या.

वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्याच्या हातून असे व्हावे ही काही मिरविण्याजोगी गोष्ट नव्हे. पण हल्ली बेळगावात कोणत्याही घरी गेले तरी खिडकीशी अशी एखादी टांगती कुंडी दिसते, आणि पुढच्या खेपेला गेले की नुसते शिंके लोंबताना दिसते. "आमच्या हाताला झाड लागत नाही हो," असे घरातली माणसे सांगतात. हाताचा दोष असतो हे खरे, परंतु तो बहुधा सढळपणाचा असतो. म्हणून त्या वेलीची शरीररचना कशी आहे आणि पाण्याने ती मरते म्हणजे नेमके काय होते, हे जरा विस्ताराने सांगावे असे वाटले.

नर्सरीवाले तिला 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' म्हणतात. पाने अगदी पत्त्यांतल्या बदामासारखी, म्हणून आम्ही विभागात तिला बदामवेल म्हणू लागलो. मराठीत रूढ नाव नसल्याने तेच इथे वापरतो. शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडिआय. शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड, जांभळट रंगाची वेल, तिच्यावर अंतराअंतराने समोरासमोर पानांची जोडी. पान अंगठ्याच्या नखाएवढे, हाताला जाडसर लागणारे. वरून गर्द हिरवे आणि त्यावर रुपेरी नक्षी, खालून फिकट किंवा जांभळट. वेल जुनी झाली की पेरांवर राखी रंगाचे गोल मणी धरतात. लहान असताना ते ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, पुढे वाटाण्याएवढे होतात. यांवरून इंग्रजीत तिला जपमाळेची वेल असेही नाव पडले आहे. पुष्कळ लोक हा काही रोग किंवा किडीची गाठ समजून ते मणी खुडून टाकतात. तसे करू नये. त्या मण्यांतच या वेलीचे सारे मर्म आहे.

तिचे माहेर दक्षिण आफ्रिकेतले. जॉन मेडली वुड या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८१ साली नाताळ प्रांतात सुमारे अठराशे फूट उंचीवर खडकांवरून लोंबणारी ही वेल सापडली. (वास्को द गामाला हा किनारा १४९७ च्या नाताळात दिसला, म्हणून प्रांताचे नाव नाताळ. गोव्याच्या वाचकांना ही गंमत विशेष रुचेल.) पुढे १८९४ मध्ये ती लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात पोहोचली आणि श्लेख्टर या जर्मन शास्त्रज्ञाने वुडचे नाव तिला दिले. तेथून ती जगभरच्या खिडक्यांत गेली.

खडकावरची वेल म्हणजे काय हे ध्यानात घेतले पाहिजे. खडकाच्या फटीत मूठभर पालापाचोळा कुजून झालेली माती, तिच्यात कंद. वर झाडांची विरळ सावली. पाऊस आला की कडा भिजतो, पाणी घटकाभरात निथळून जाते आणि ऊन पडले की फट पुन्हा कोरडी. त्या भागात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळ्याचे महिने बव्हंशी कोरडे जातात. तेव्हा ही वेल निवडुंगासारखी वाळवंटातली नव्हे आणि मनीप्लँटसारखी दमट रानातलीही नव्हे. आपल्याकडे मात्र तिला या दोघांपैकी एकाच्या पंक्तीला बसविण्यात येते. कोणी गच्चीवर भर उन्हात ठेवतो, तिथे पाने करपून तांबूस होतात. कोणी मनीप्लँटप्रमाणे रोज पाणी घालतो, आणि मग आमच्या व्हरांड्यात झाले तेच होते.

कोरड्या महिन्यांची तरतूद तिने तीन ठिकाणी करून ठेवली आहे. पानांच्या जाड गरात थोडे पाणी असते. पेरांवरच्या मण्यांत पाणी आणि पिष्ट असते. मातीतल्या मोठ्या कंदात सर्वांत जास्त. पूर्वी घरात कणगी भरलेली असली की एखादे वर्ष पाऊस लांबला तरी माणसे धीर धरून राहत, तसाच हा प्रकार. ज्या झाडाची कणगी भरलेली आहे त्याला दोन आठवडे पाणी न मिळाल्याने काही होत नाही.

खर्चाच्या बाजूनेही अशा रसाळ वनस्पती काटकसरी असतात. पाने कर्बवायू आत घेण्यासाठी आपली रंध्रे उघडतात तेव्हा आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. हा व्यवहार टळत नाही. सामान्य झाड तो भर दिवसा करते. रसाळ वनस्पतींपैकी कित्येक मात्र रंध्रे रात्री उघडतात, थंड हवेत कर्बवायू घेऊन त्याचे मॅलिक आम्ल करून साठवितात, आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच आम्लातला कर्बवायू सोडवून प्रकाशसंश्लेषण करतात. बदामवेलीच्या कुळातल्या रसाळ वनस्पतींतही ही रीत आढळते. हिचा शोध लागण्यात आपल्या मुलखाचा वाटा आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. बेंजामिन हेन हा कंपनी सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ. बंगळूरच्या लालबागेची देखरेखही काही काळ त्याच्याकडे होती. आपल्या परसातली जी पानफुटी, तिचे पान पहाटे आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट, हे त्याच्या जिभेला कळले, आणि तसे त्याने १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्र लिहून कळविले. त्यामागची रसायने उलगडायला पुढे शंभरावर वर्षे लागली. ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी चाखण्याच्या फंदात न पडता पहाटे व सायंकाळी खुडलेल्या पानांचा सारख्या वजनाचा रस काढून प्रयोगशाळेत आम्लता मोजावी. फरक ब्यूरेटवर स्पष्ट दिसतो.

आता मुख्य मुद्दा. पाण्याने झाड मरते म्हणजे काय होते? पाणी स्वतः विषारी नाही. याच बदामवेलीचा तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवला तर त्याला मुळे फुटतात. घात होतो तो हवेच्या अभावाने. मुळांना श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू लागतो, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट अडते, कारण हवेत तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने पाण्यात पसरतो. एकदोन दिवस मुळे कळ काढतात. मग बारीक मुळ्या गुदमरून मरतात, आणि ओल्या मातीतल्या बुरशा मेलेल्या मुळ्यांवरून कंदात शिरतात. कंद म्हणजे पाणी आणि पिष्ट. बुरशीला याहून चांगले जेवण नाही. आठ दिवसांत कंदाचा चिखल होतो.

येथेच एक फसगत आहे आणि तिच्यापायी निम्म्या तरी वेली जात असतील. मुळे मेली की पाणी वर चढत नाही. मग पाने मऊ पडतात, सुरकुततात. तहानलेल्या वेलीचीही पाने अशीच दिसतात. घरातला माणूस पान बघतो, "अरेरे, सुकली बिचारी," म्हणतो आणि आणखी एक तांब्या ओततो. म्हणून पान सुकलेले दिसले की आधी मातीत बोट घालून पाहावे. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर वेल तहानलेली आहे. पोटभर पाणी द्यावे, दोन दिवसांत पाने टरारून येतात. माती ओली असून पाने सुकलेली असतील तर मुळे गेली आहेत असे समजावे, आणि पाण्याच्या भांड्याला हात लावू नये. बुडाजवळची पाने पिवळी, काचेसारखी पारदर्शक होऊन गळू लागली तर तीही याच आजाराची खूण.

पाणी कधी द्यावे याची सोपी परीक्षा पानावरच आहे. वेलीच्या मधले एक जुने पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून पाहावे. ते ताठ राहिले, वाकेना, तर कणगी भरलेली आहे. सहज दुमडले तर पाणी घालावे. घालताना मात्र चमचा-चमचा घालू नये. सगळी माती भिजून खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत घालावे, निथळू द्यावे आणि मग पान पुन्हा मऊ होईपर्यंत विसरून जावे. रोज थोडे थोडे घातल्याने वरची माती सदा ओली राहते, खालची मुळे उपाशी राहतात आणि दोन्हींकडून नुकसान होते.

कुंडी आणि माती यांविषयी जुन्या मंडळींचा एक सल्ला सर्वत्र ऐकू येतो, की कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि खडी यांचा थर द्यावा म्हणजे पाणी निचरते. मीही अनेक वर्षे हेच शिकवीत होतो. तो चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलेले असते. खालच्या खडीतल्या मोठ्या पोकळ्या ते ओढून घेऊ शकत नाहीत. वरची माती तळाशी पुरती चिंब झाल्यावरच पाणी खडीत उतरते. परिणामी चिखलाचा जो थर कुंडीच्या बुडाशी राहिला असता तो उचलून मुळांच्या जवळ आणल्यासारखे होते. याचा प्रयोग मोरीत करता येतो. भांडी घासण्याचा लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. थेंब गळायचे थांबले की तोच उभा करावा; पुन्हा भरपूर पाणी गळू लागते. तरीही शेवटी खालचा काठ ओला राहतोच. तो ओला काठ किती उंच राहणार हे स्पंजाच्या छिद्रांवर ठरते. कुंडीतही तसेच. ओला थर कमी करावयाचा तर तळाशी खडी न घालता सबंध मातीच भरड करावी. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवली तर ती पुरे.

बेळगावकरांना यासाठी लांब जावे लागत नाही. पश्चिमेकडची आपली तांबडी माती एक भाग, जाड वाळू एक भाग, विटांचा किंवा जांभ्याचा हरभऱ्याएवढा चुरा एक भाग आणि वर मूठभर चाळलेले पालापाचोळ्याचे खत, एवढे मिसळले की झाले. चुरा पाण्याने धुऊन त्याची धूळ काढावी, नाहीतर ती धूळच पोकळ्या बुजविते. पूर्वेकडच्या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र सांगणे आहे की घरच्या काळ्या मातीचा अभिमान येथे उपयोगी नाही. काळी माती पाण्याने फुगते, पाणी दिवसच्या दिवस धरून ठेवते, आणि वाळली की आक्रसून मुळे तोडते. जोंधळ्याला ती अमृत आहे, या वेलीला नव्हे. नर्सरीतून आणलेले रोप बहुधा काथ्याच्या भुश्शात असते. तोही ओल फार धरतो, म्हणून वेल घरी रुळली की महिन्याभरात माती बदललेली बरी.

कुंडी मातीची घ्यावी, तीही लहान. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर झिरपून सुकते. प्लॅस्टिकची कुंडी ते करीत नाही. मोठ्या कुंडीत मुळे एका कोपऱ्यात आणि बाकीची माती ओलीच्या ओली, अशी गत होते. प्लॅस्टिकच्या टांगत्या कुंड्यांना खाली एक झाकणवजा बशी घट्ट बसविलेली असते; पाणी सांडून फरशी खराब होऊ नये म्हणून गृहिणींना ती फार आवडते. आतले साचलेले पाणी वरून दिसत नाही. ती बशी काढून टाकावी आणि पाणी घालायच्या वेळी कुंडी मोरीत नेऊन ठेवावी. लावताना कंद पुरता पुरू नये, निम्मा मातीवर राहू द्यावा.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवितात. खोलीत खिडकीपासून सात-आठ फुटांवर आपल्याला छान वाचता येते, म्हणून तिथे झाडालाही उजेड पुरत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिथला उजेड खिडकीतल्या उजेडाच्या कित्येक पटींनी कमी असतो. आपली बाहुली मोठी होऊन ती उणीव भरून काढते, पानाला तशी सोय नाही. उजेड कमी पडला की वेल लांबते, पण दोन पानजोड्यांमधले अंतर वाढते, पाने लहान आणि फिकी येतात, नक्षी पुसट होते. नवख्या माणसाला वाटते वेल जोमात आहे! पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळावे, दुपारचे टळावे.

आणखी एक गोष्ट नर्सरीवाले सांगत नाहीत. वेल खाली लोंबावी म्हणून आपण शिंके छताजवळ टांगतो. खिडकी राहते खाली आणि कुंडीचा माथा वर अंधारात. वेलीच्या टोकांना ऊन मिळते, पण नवे कोंब जिथून फुटायचे तो माथा टकला होतो. वर्षा-दोन वर्षांत चार लांबलचक दोरे आणि वर उघडी माती असे दृश्य दिसू लागते. शिंके असे टांगावे की कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या चौकटीच्या खाली येईल. आमची चौथी कुंडी जगली खरी, पण तीही उंच होती म्हणून तिला हेच टक्कल पडले होते. त्यावर उपाय सोपा आहे: दोन लांब वेली उचलून मातीवरच गोल गुंडाळून ठेवाव्यात आणि केसांच्या आकड्यांनी टेकवाव्यात. पेरांवरचे मणी मातीला लागले की महिन्या-दीड महिन्यात त्यांना मुळे फुटतात आणि प्रत्येक पेरातून नवा कोंब येतो.

नवी रोपेही अशीच करावीत. आईच्या कुंडीशेजारी छोटी कुंडी ठेवून मणी असलेले पेर तिच्यात निम्मे दाबावे. मुळे धरल्यावरच वेल कापावी, तोवर आईकडून रसद चालू राहते. मार्च-एप्रिल हा यासाठी उत्तम काळ. ज्याची वेल कुजू लागली आहे त्याने मात्र मुहूर्त बघू नये. कुजलेल्या भागाच्या वर, जिथे देठ टणक आहे तिथे कापावे, कापलेले तोंड एक दिवस सुकू द्यावे आणि दोन-तीन पेरांचे तुकडे कोरड्या-ओल्या वाळूत टोचावेत. मूळ झाड जाते, पण वंश राहतो.

पाण्याचे वेळापत्रक लोक मागतात. दिवस मोजून पाणी घालणे मला पसंत नाही, पान दुमडून पाहणे हाच खरा नियम. तरी अंदाजासाठी सांगतो. मार्च ते मे आठवड्यातून एकदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठ-दहा दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत, आपल्याकडे रात्री गारठा असताना, तीन आठवड्यांनी चालते. जून ते सप्टेंबर हा खरा धोक्याचा काळ. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि जुलैत येथे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, हवा ओलीगच्च. मातीतले पाणी उडत नाही आणि पानेही ओढीत नाहीत. एप्रिलमध्ये जी कुंडी चार दिवसांत सुकत होती तिला आता तीन आठवडे लागतात. खानापूर-चंदगडच्या बाजूला आणि गोव्यात तर त्याहून जास्त. हात मात्र एप्रिलच्या सवयीने चालत राहतो. पावसाळ्यात वेल वळचणीच्या आत, वारा खेळेल अशा जागी घ्यावी. गोकाक-अथणीकडे एवढी धास्ती नको.

खत फारसे लागत नाही. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, तेही डबीवर लिहिले असेल त्याच्या निम्म्या मात्रेत. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत कापसासारखा बसतो. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या बोळ्याने पुसावा. मावा आला तर साबणाचे सौम्य पाणी फवारावे.

राहिली फुले, आणि त्यांच्यावरून निघणारी एक काळजीची गोष्ट. बदामवेल रुईच्या कुळातली. फूल इंचभर लांबीचे, फिकट जांभळ्या नळीचे. बुडाशी फुगीर आणि वर पाच काळपट पाकळ्या, ज्यांची टोके एकमेकींना जुळून पिंजरा होतो. बारीक चिलटासारख्या माश्या वासाने ओढल्या जाऊन नळीत शिरतात. नळीच्या आत केस असतात आणि त्यांची टोके खालच्या दिशेला वळलेली, त्यामुळे आत जाता येते, परतता येत नाही. ही माशी मात्र अभिमन्यूसारखी आत मरत नाही. काही काळाने केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि ती तोंडाला परागांच्या पिशव्या चिकटवून दुसऱ्या फुलाकडे जाते, तिथे पुन्हा फसायला.

हे फूल पाहिल्यावर आपल्याकडच्या डोंगरांत फिरलेल्यांना ओळख पटेल. सह्याद्रीत ज्याला कंदीलपुष्प किंवा खरचुडी म्हणतात ती याच प्रजातीची भावंडे. खरे तर सेरोपेजिया हे नावच आपल्या किनाऱ्यावरून गेले आहे. लिनियसने या प्रजातीतली जी पहिली जाती नोंदली, सेरोपेजिया कँडेलाब्रम, ती ऱ्हीड या डच गव्हर्नरच्या 'हॉर्टस मलबारिकस' ग्रंथातल्या चित्रावरून. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेल्या त्या ग्रंथाच्या कामी कोचीनचे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते आणि पहिल्या खंडात त्यांचे प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. लिनियसला त्या फुलांत मेणाचे कारंजे दिसले, म्हणून हे ग्रीक नाव. भारतात या प्रजातीच्या पन्नासांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळ केवळ सह्याद्रीतच, काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच आढळतात. सेरोपेजिया सह्याद्रिका, पंचगणिएन्सिस, महाराष्ट्रेन्सिस ही नावेच त्यांचे पत्ते सांगतात.

एका वर्षी वर्गात मी हे सारे रंगवून सांगितले. पुढच्या सोमवारी एक विद्यार्थी डोंगरावरून कंदासकट उकरलेले कंदीलपुष्प पिशवीत घालून माझ्यापुढे घेऊन आला. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. बदामवेल जर घरात वाढते तर तिची सह्याद्रीतली बहीण का नाही, हा त्याचा तर्क. मी त्याला रागावलो नाही, कारण तर्काचे बी माझेच होते. आम्ही ते कुंडीत लावले. सप्टेंबरात दोन फुले आली. नोव्हेंबरात वेल वाळली, आणि ती मेली असे समजून मुलांनी तिला जपून पाणी घातले. ती मेलेली नव्हती. आपल्याकडच्या या जातींपैकी बऱ्याच पहिल्या पावसाबरोबर उगवतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात, आणि दिवाळीनंतर वरचा सारा पसारा टाकून जूनपर्यंत कंदाच्या रूपाने झोपतात. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे काय, ते वर आलेच आहे. जानेवारीत कुंडी उलटी केली तेव्हा कंदाची साल तेवढी हाती आली.

बदामवेल मण्यांवरून हजारांनी वाढविता येते. नर्सरीत विकली जाणारी प्रत्येक वेल अशीच झालेली असते, त्यासाठी आफ्रिकेतला खडक कोणी उकरीत नाही. डोंगरावरच्या भावंडांचे तसे नाही. त्यांचे कंद गुराखी मुले उकरून खातात, रानडुकरे आणि साळिंदरे खातात, आणि एकट्यादुकट्या वेलीला योग्य माशी व दुसरी वेल मिळाल्याशिवाय बी धरणे कठीण. एका कड्यावर जेमतेम पंचवीस-तीस वेली असतील तर पिशवीतून आलेली एक वेल ही लहान गोष्ट नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या दुर्मीळ जातींची रोपे तयार करून त्या जपण्याचे काम झाले आहे. ज्यांना त्या पाहावयाच्या असतील त्यांनी तेथे जाऊन पाहाव्यात, किंवा भाद्रपदात डोंगरावर, जिथल्या तिथे.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर चौथ्या शिंक्यातले सात मणी दिले. त्यांतले सहा लागले. त्या वेलीला अजूनही पुष्कळ मणी धरतात. ज्यांना हवे असतील त्यांनी विभागात येऊन मागावेत. येताना कुंडी आणावी, आणि तिला भोक आहे ना ते घरूनच पाहून यावे.